उधारीच्या वहीतली सही
सांगली जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रचालकांना खुलं पत्र

प्रति,
सर्व कृषी सेवा केंद्रचालक, सांगली जिल्हा

विषय: पॅराक्वाट तणनाशक, हातमोजे आणि कंपवात

राम राम मंडळी,

तासगाव तालुक्यात, एका गावच्या एसटी थांब्याला लागून माझं दुकान होतं. १९९६ साली लायसन काढलं, २०१९ साली शटर ओढलं. आता तिथं मोबाइल रिपेअरिंग चालतं. तेवीस वर्षं मी तेच केलं जे तुम्ही आज करताय. सकाळी आठला शटर वर, पाऊस पडून गेला की गर्दी, कंपनीच्या पोराबरोबर चहा, आणि द्राक्षाचे पैसे आले की वसुलीसाठी वणवण. तेव्हा हा कुणी बाहेरचा शहाणा आपल्याला शिकवायला आलाय असं समजू नका. तुमच्या काउंटरमागं कुठल्या फळीवर काय असतं ते मी डोळे झाकून सांगेन. तणनाशक सगळ्यात खाली, कारण कॅन जड आणि एखादा तरी गळका.

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या उधारीच्या वह्या रद्दीत घालायला काढल्या आणि चाळत बसलो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, माझाच उधारीचा गिऱ्हाईक. दीड एकर द्राक्षबाग, दोन एकर ऊस. भाऊ असला तरी वहीवर सही घ्यायचो, हिशेब म्हणजे हिशेब. दादाची सही कशी? दोन ओळी खाणारी आणि शेवटी शेपूट ओढलेली. २००८च्या वहीत तशीच आहे. २०१२ला शेपूट गेलं. २०१४ला अक्षरं एकमेकांना चिकटली. आणि २०१६च्या ऑक्टोबरातली सही म्हणजे मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी, अर्धा इंचसुद्धा नाही. या सगळ्या सह्या मी समोर बसून घेतल्यात. माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

अक्षर बारीक होत जाणं हे कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, एक लक्षण आहे हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं २०१८ साली. त्याआधी दीड वर्ष आम्ही दादाचा खांदा आखडलाय म्हणून शेकत बसलो होतो. डॉक्टरांनी त्याला नुसतं व्हरांड्यात चालायला लावलं. उजवा हात हलत होता, डावा अंगाला चिकटून. मग विचारलं, "काका, औषधं कुठली चालू आहेत?" दादा म्हणाला, "सध्या मॅन्कोझेब चालू हाय, डाउनीला." दादानं सांगितलं ते द्राक्षावरच्या डाउनी बुरशीसाठी फवारायचं औषध. डॉक्टर हसले, मी पण हसलो. मग डॉक्टर हसायचे थांबले आणि विचारलं, "फवारणी कोण करतं? किती वर्षं? हातात काय घालता?" शेवटच्या प्रश्नाला दादानं माझ्याकडं बघितलं. मी दुकानदार ना.

तर, सह्यांच्या शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पॅराक्वाट, पाच लिटर. पुन्हा पॅराक्वाट. मध्ये मॅन्कोझेब, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, पुन्हा पॅराक्वाट.

लगेच तुम्ही म्हणाल, म्हणजे पॅराक्वाटनं कंपवात झाला असं म्हणायचंय का? नाही म्हणायचं. त्याच वहीत आणखी चाळीस-एक जणांच्या सह्या आहेत. त्यांनीही हाच माल नेला आणि त्यांच्या सह्या पहिल्यासारख्याच ठसठशीत आहेत. एका माणसाला हा रोग नेमका कशानं झाला हे कुठलाच डॉक्टर छातीठोक सांगत नाही. वय असतं, काहींच्या घराण्यात असतो, डोक्याला मार लागलेला असतो. पण विषाचा वाटा असू शकतो, आणि कसा असू शकतो, याबद्दल आता बरंच माहीत झालंय. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेलो, पदवी गोडाऊनमध्ये गंजली एवढंच. मुलीनं मोबाइलवर काढून दिलेलं थोडंफार कळतं. जे कळलं ते तुमच्या कानावर घालतो, कारण ते आपल्या फळीवरच्या मालाबद्दल आहे.

सुरुवात शेतात झाली नाही. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये काही तरुण पोरं दवाखान्यात आणली गेली. वाचा बंद, अंग लाकडासारखं ताठ, घास गिळता येईना. म्हाताऱ्यांचा रोग, आणि पोरं पंचविशी-चाळिशीतली. विल्यम लँगस्टन नावाच्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा कळलं की सगळ्यांनी चोरून बनवलेलं एकच नशेचं द्रव्य टोचून घेतलं होतं. बनवणाऱ्याचं रसायन बिघडलं आणि त्यात एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली. काही दिवसांत त्या पोरांच्या मेंदूतला तोच भाग मेला जो कंपवातात वर्षानुवर्षं झिजत जातो. मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. तिथं डोपामिन तयार होतं आणि त्याच्यावर आपली हालचाल चालते. बटण लावणं, सही करणं, चालताना हात हलवणं, सगळं. हात थरथरायला लागेपर्यंत या पट्ट्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणजे आपल्याला रोग दिसतो तेव्हा त्याचा अर्धा हंगाम उरकलेला असतो.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्यांची वीण इतकी घट्ट असते की रक्तातल्या बहुतेक गोष्टी आत शिरत नाहीत. एमपीटीपी शिरतं. गंमत म्हणजे ते स्वतः विष नाही. आत गेल्यावर मेंदूतलंच एक एन्झाइम त्याचं रूपांतर एमपीपी प्लसमध्ये करतं. आणि डोपामिनच्या पेशींना सांडलेलं डोपामिन परत ओढून घ्यायची सवय असते, त्या याला डोपामिन समजून आत घेतात. आत गेलं की ते पेशीचं वीजघर बंद पाडतं. घरच्याच माणसानं कडी काढून द्यावी, असला प्रकार.

या एमपीपी प्लसची रचना कागदावर काढली तेव्हा माझा हात थांबला. शेजारी पॅराक्वाटची काढून बघा, भाऊबंद वाटतात. एमपीपी प्लस एके काळी तणनाशक म्हणून तपासलंही गेलं होतं. आता, भाऊबंद दिसायला सारखे म्हणून वागायला सारखे असं नसतं, हे तासगाव तालुक्यात कुणाला सांगायला नको. पॅराक्वाट पेशीत वेगळ्या तऱ्हेनं खोड्या करतं. तिथल्या ऑक्सिजनला पुन्हापुन्हा भडकवतं आणि पेशी आतून गंजत जाते. तणाचं पान दोन दिवसांत करपतं ते याच गुणानं. शेतकरी आपल्याकडं येऊन "जळायचं द्या" म्हणतो, तेच हे जळणं.

पण ते मेंदूत जातंच कसं? ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या घट्ट भिंतीत काही ठरावीक दारं आहेत. अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे, अमिनो आम्लं, मेंदूला लागतात, त्यांच्यासाठी एक दार आहे. दादाची लेव्होडोपाची गोळी त्याच दारानं आत जाते. म्हणून तर डॉक्टर सांगतात की गोळी जेवणाच्या आधी घ्या, दूध-उसळीबरोबर नको. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पॅराक्वाटही याच दारानं आत जातं. उंदरांना आधी लेव्होडोपा दिलं तर पॅराक्वाट कमी शिरतं. दादा ज्याला औषध म्हणाला ते, आणि डॉक्टर ज्याला औषध म्हणत होते ते, दोन्ही एकाच उंबऱ्यावर.

दुसरी वाट नाकाची आणि पोटाची. २००३ साली हाइको ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं की हा रोग बऱ्याच जणांत वासाच्या मज्जातंतूंत आणि आतड्यात सुरू होऊन मग मेंदूत वर चढत असावा. हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण आमच्या घरात दूध करपून धूर झाला तरी दादाला पत्ता नसायचा, आणि हे सही बिघडायच्या किती तरी आधीचं. आम्ही चेष्टा करायचो. पोट साफ होत नाही म्हणून रात्री चूर्ण. झोपेत लाथा झाडणं, ओरडणं. वहिनी वेगळं अंथरूण घालायला लागली. ही तिन्ही लक्षणं थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. तुमच्या बाकड्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या गिऱ्हाइकाला डाउनीच्या औषधाचा उग्र वास येत नसेल तर त्याला "भारी नाक हाय तुझं" म्हणून सोडून देऊ नका.

आता माणसांवरचं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या शेतकऱ्यांची २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या अडीच पट निघालं. रोटेनोन हे डेरिस नावाच्या वेलीच्या मुळीतून निघतं, मासे मारायला वापरायचे. नैसर्गिक आहे म्हणून खुशाल फवारा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २००० साली उंदरांना ते सतत देऊन कंपवातासारखी अवस्था आणून दाखवली होती. २००९ साली कॅलिफोर्नियात दिसलं की ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब या दोन्हींची फवारणी होत होती, त्यांच्यात धोका ७५ टक्क्यांनी जास्त. मॅनेब हे आपल्या मॅन्कोझेबच्या घराण्यातलं. एकाचा निकाल जसाच्या तसा दुसऱ्याला लावता येत नाही, पण आपल्या भागात बागेपासून ५०० मीटरच्या बाहेर घर कुणाचं आहे हो? आमचं तर बागेतच.

सगळ्या पाहण्यांत पॅराक्वाटचा संबंध इतका ठळक येत नाही, आणि कंपन्या नेमकं त्याच्यावर बोट ठेवतात. ठेवू द्या. रोग मुळात हजारात मोजक्यांना होतो, त्याचं अडीच पट म्हणजेही गावात चार-दोन. माझ्या हिशेबात त्या चारातला एक माझा भाऊ असू शकतो, एवढं मला पुरतं.

स्वित्झर्लंडनं पॅराक्वाट १९८९ साली बंद केलं. युरोपीय संघानं २००७ला. केरळनं २०११ला. ब्राझीलनं २०२०ला, आणि उसात ब्राझील आपला बाप आहे, त्याला तण येत नाही असं नाही. फ्रान्समध्ये २०१२पासून, दहा वर्षं कीटकनाशकांत काम केलेल्या शेतकऱ्याला कंपवात झाला तर तो व्यवसायानं झालेला रोग धरतात आणि भरपाई देतात. आपल्याकडं दादाला काय मिळालं? महिन्याच्या गोळ्यांचं बिल.

बंदीचं काम दिल्लीचं आहे, त्यासाठी तुम्हाला पत्र लिहीत नाही. तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच अमेरिकी शेतकऱ्यांच्या माहितीची २०१५ साली आणखी एक छाननी झाली. पॅराक्वाट वापरणाऱ्यांत जे निम्म्याहून जास्त वेळा हातमोजे घालत होते, त्यांच्यात वाढीव धोका दिसला नाही. जे घालत नव्हते त्यांच्यात दिसला.

हातमोजे.

तेवीस वर्षांत मी किती लिटर विकलं याचा आकडा वह्यांवरून काढता येईल. हातमोजे किती विकले याला वही लागत नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजूर गेले, तेव्हा सगळीकडं तपासण्या सुरू झाल्या. मीही घाईघाईनं दोन खोके आणून दर्शनी भागात मांडले. साहेब येऊन बघून गेले. नंतर ते खोके पंख्याच्या खाली गेले, मग गोडाऊनमध्ये.

आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो ते आठवा. "पंपाला शंभर मिली, ऊन बघून मारा." संपलं. कॅनबरोबर जे घडीचं माहितीपत्रक येतं त्यातली अक्षरं दादाच्या २०१६च्या सहीएवढी. ते वाचलेला एक गिऱ्हाईक मी बघितला नाही, आणि खरं सांगायचं तर ते पुरतं वाचलेला एक दुकानदारही बघितला नाही. मी धरून. सुट्टं म्हणून पाण्याच्या बाटलीत तणनाशक ओतून दिलंय मी, दोन-तीनदा. कायद्यानं गुन्हा आहे हे माहीत असून. या विषाला उतारा नाही हेही माहीत असून.

आणि शेतात काय होतं ते तर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. बादलीत ओतून काडी सापडली तर काडीनं, नाहीतर हातानंच ढवळायचं. पाठीवरचा पंप झाकणातून गळतो आणि सदरा कमरेपर्यंत भिजतो. नोझल तुंबलं की तोंडाला लावून फुंकायचं. मग तोच सदरा संध्याकाळी वहिनी सगळ्या कपड्यांबरोबर धुणार, मोज्यांशिवायच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की दिवसात दोनदा फवारणी, दिवस सरता सरत नाही, त्यात माणूस हात धुवायचा कुठं आणि कधी.

लोक ऐकत नाहीत, हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. मीच ते वीस वर्षं दिलंय. पण २०१० आठवतंय? द्राक्षात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं माल अडवला. रडारड झाली. पुढच्या हंगामात अडाणी म्हणवणारा माणूससुद्धा काउंटरवर येऊन विचारायला लागला, "ह्याचा पीएचआय किती?" म्हणजे फवारल्यावर किती दिवसांनी माल तोडायचा. कोण बोललं होतं त्यांच्याशी? आपणच. निर्यातीच्या बागेतल्या मण्यात कुठल्या विषाचा किती अंश उरलाय हे प्रयोगशाळेत तपासून मगच कंटेनर भरतो. बर्लिनमधलं कुणाचं तरी पोर ती द्राक्षं खाणार म्हणून. ज्यानं ती फवारली त्याच्या अंगात काय उरलं, याची तपासणी करायला आजवर कुणाची गाडी आली नाही.

तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. पॅराक्वाटचा कॅन काउंटरवर आला की त्याच बिलात नायट्राइलच्या हातमोज्यांचा जोड टाका, कोपरापर्यंतचे. कापडी देऊ नका. कापडी मोजा एकदा भिजला की विष दिवसभर कातडीला धरून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात बरा, निदान धुतला तरी जातो. जोडाची किंमत एका कॅनपुढं काहीच नाही. परवडत नसेल तर कंपनीकडं मागा. टार्गेट पुरं केलं की गोव्याची ट्रिप देतात, मोजे द्यायला काय हरकत आहे? दुसरं, फवारणार कोण ते विचारा. मजूर असेल तर जोड त्याच्यासाठी, मालकाच्या कपाटासाठी नाही. सुट्टं देऊ नका. आणि बांधावरच्या चार काडी गवतासाठी कुणी "जळायचं" मागत आला तर ग्रास कटरचा पत्ता द्या. बागेत बोदावर उसाचं पाचट टाका म्हणा. आपल्या जिल्ह्यात पाचट मिळत नाही असं कुणी म्हणू नये, निम्मं तर आपण पेटवून देतो.

तुमच्यातले बरेच जण आता देसी, म्हणजे कृषी दुकानदारांसाठीची पदविका करून आलेत. रविवारचे वर्ग, परीक्षा, भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. मी लायसन काढलं तेव्हा हे नव्हतं. म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि मला जी सबब होती ती तुम्हाला नाही. गिऱ्हाईक तुटतं म्हणाल, तर काही तुटतील. शेजारच्या दुकानात जातील. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना लिहिलंय.

दादाचं सध्या बरं चाललंय, म्हणजे गोळी लागू असते तोवर. गोळीचा जोर उतरला की दारात पाय चिकटतो. उंबरा ओलांडायला दोन-दोन मिनिटं. जमिनीवर काठी आडवी टाकली की मग ती ओलांडायला म्हणून पाय उचलला जातो; हे वहिनीनंच शोधून काढलं, नंतर डॉक्टर म्हणाले बरोबर आहे. सही आता तो करत नाही, बँकेत अंगठा देतो. दहावीला तालुक्यात अक्षरासाठी बक्षीस मिळालेला माणूस.

बाग पुतण्या बघतो. गेल्या महिन्यात गोडाऊनमधले ते २०१७चे खोके उघडले. मोजे एकमेकांना चिकटून बसलेले, ओढले तर फाटले. नवीन मागवले आणि पहिला जोड पुतण्याला दिला. "काका, गरम होतंय ह्यात," म्हणाला, पण घातले. मी बांधावर उभा. त्यानं पंप ठेवला, नवीन कॅनचं बूच फिरवून काढलं, आतलं पत्र्याचं सील मोज्यातल्या बोटांनी निघेना. इकडंतिकडं बघितलं आणि दातानं तोडलं.

आपला,
एक माजी दुकानदार
तालुका तासगाव, जिल्हा सांगली